सोळाशेऐंशीतून गाणी बाहेर काढताना

रोलॅंड कंपनीचं व्हीएस-1680 हे रेकॉर्डिंगचं यंत्र 1998 साली बाजारात आलं, तेव्हा आमच्यासारख्या ऑर्केस्ट्रावाल्यांना ते चमत्कारच वाटलं होतं. सोळा ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकच्या पोटात सोळा व्हर्च्युअल ट्रॅक, म्हणजे पर्यायी कप्पे, एकूण 256. एका वेळी आठ ट्रॅकवर रेकॉर्डिंग. मिक्सर, इफेक्ट, एडिटिंग सगळं एकाच पेटीत. त्याआधी ढोलकी वेगळी, बेस वेगळा, कोरस वेगळा घ्यायचा तर स्टुडिओचं तासावारी भाडं मोजावं लागे. मी ते सेकंडहॅंड घेतलं आणि पुढची कितीतरी वर्षं गणपती, नवरात्र आणि गावोगावच्या जत्रा त्याच्यावर काढल्या. मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाशिवायचं वाजप, त्यातच बनवायचे आणि स्टेजवर वाजवायचेही त्यातूनच. पंधरा ट्रॅकवर वाजप, सोळाव्यावर लय धरायला नुसता क्लिक, आणि तो क्लिक ऑक्स नावाच्या वेगळ्या आउटमधून ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात. लोडशेडिंगच्या दिवसांत मशीनखाली यूपीएस ठेवायचो, कारण या मशीनला नीट शटडाउन लागतं. आधी गाणं स्टोअर, मग शिफ्ट धरून शटडाउन, मग स्क्रीनवर परवानगी आली की स्विच. वीज मध्येच गेली तर शेवटचं स्टोअर केल्यापासूनचं काम गेलंच म्हणायचं.

यंदा पाऊस सुरू झाला आणि त्याच्या हार्डडिस्कमधून आवाज यायला लागला. आधी बारीक शीळ, मग मध्येच टक्‌ करून अडकणं, आणि गाणं लोड व्हायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. आत असते ती जुन्या लॅपटॉपमध्ये असायची तसली अडीच इंची आयडीई डिस्क. एवढी वर्षं चालली हेच खूप. आमचे संचालक म्हणाले, "गणपती तोंडावर आलेत आन्‌ ही म्हातारी आता राम म्हणंल. त्यातलं समदं काढून ठेवा बघू."

सांगायला काय जातंय! या मशीनला यूएसबी नाही. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तरी तिच्यात वाजवता येईल अशी एकही वेव्ह फाइल सापडत नाही. याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे आवाज साठवायची पद्धत. 44.1 किलोहर्ट्‌झ, 16 बिटचा एक ट्रॅक मिनिटाला साधारण 5.3 एमबी खातो. पाच मिनिटांचं गाणं, सोळा ट्रॅक, म्हणजे सव्वाचारशे एमबीच्या आसपास. त्या काळी मशीनमध्ये डिस्क यायची जेमतेम दोन जीबीची. म्हणून रोलॅंडनं आर-डॅक नावाचं स्वतःचं कॉम्प्रेशन वापरलं. मास्टरिंगचा मोड सोडला तर मल्टिट्रॅकचे बाकी सगळे मोड त्यावरच चालतात. तेव्हाच्या मानानं ते शहाणपणाचंच होतं, पण बाहेरच्या कुठल्याही प्लेअरला ती भाषा कळत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ट्रॅक म्हणून आपल्याला जी सलग पट्टी दिसते, ती डिस्कवर सलग नसतेच. पहिल्या अंतऱ्यात पंच-इन केलेला, म्हणजे मध्येच नव्यानं घेतलेला, तुकडा एका टेकमधला, म्हणजे एका वेळच्या रेकॉर्डिंगमधला, मुखडा दुसऱ्यातला, मागे टाकून दिलेले टेकही तिथंच पडून. अनडू तब्बल 999 पायऱ्यांचं आहे, ते त्याच जिवावर. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत वाजवायचा याची यादी गाण्यासोबत वेगळी असते. म्हणजे आर-डॅक उलगडता आलं तरी हातात टेक येतात, गाणं येत नाही.

त्यामुळे बॅकअप दोन तऱ्हेचे. एक मशीनचा स्वतःचा, सीडीवर. त्यात फेडर, ईक्यू, लोकेटर (गाण्यातल्या जागांच्या खुणा), सगळे व्हर्च्युअल ट्रॅक, अगदी टाकलेले टेकसुद्धा जसेच्या तसे येतात, पण ते वाचायला पुन्हा त्याच जातीचं मशीन लागतं. दुसरा म्हणजे एकेक ट्रॅक वेव्ह करून कॉम्प्युटरवर काढणं. त्यात मिक्सरची मांडणी जाते, नुसता आवाज उरतो, पण तो कुणालाही, कधीही उघडता येतो. मशीन उद्या बंद पडलं तर पहिल्या जातीचा बॅकअप म्हणजे चकचकीत बशा. म्हणून खरा बॅकअप मी दुसऱ्यालाच मानतो. तरी सुरुवात पहिल्यानंच केली, कारण डिस्क किती दिवसांची सोबती आहे ते माहीत नव्हतं आणि तिच्यावरून माल सगळ्यात कमी हिसक्यात उतरवायचा तर सीडीच.

सीडी रायटर या मशीनला बाहेरून जोडावा लागतो, स्कझी नावाच्या जुन्या जोडणीनं. आजच्या पोरांना स्कझी सांगायला गेलं तर हसतात. माझा पुतण्या कॉम्प्युटरचं सगळं बघतो, त्यानं ती पंचवीस पिनांची जाडजूड केबल हातात घेतली आणि म्हणाला, "काका, ही तर प्रिंटरची दिसत्या." दिसते तशीच. जुन्या प्रिंटर-पोर्टची दोन्ही टोकांना पंचवीस पिना असलेली केबल आणि ही शेजारी ठेवली तर फरक सांगता येत नाही. पण आतली जोडणी आणि शील्डिंग वेगळं. प्रिंटरची केबल लावून काम झालं असं वाटतं, आणि मध्येच कुठंतरी एरर येते. माझी मूळ केबल पिना वाकून निकामी झाली होती. नवी कुठली मिळायला! पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत एका जुन्या मालाच्या दुकानात स्कॅनरची म्हणून ठेवलेली एक मिळाली. दुकानदाराला ती नेमकी कशाची हे माहीत नव्हतं, त्यामुळे भावही बेताचाच लावला त्यानं.

स्कझीचे नियम जुन्या वळणाचे आहेत. साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा आयडी हवा, 0 ते 7 मधला. 7 मशीन स्वतःकडे ठेवतं, रायटरच्या मागच्या बटनावर वेगळा आकडा लावायचा. साखळीच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटर असलाच पाहिजे, नाहीतर सिग्नल टोकावरून परत उलटतो आणि ड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसत नाही. आणि चालू मशीनमध्ये केबल खुपसायची नाही. आधी रायटर चालू, तो स्थिर झाला की मग मशीन. हे सगळं जुळल्यावर स्क्रीनवर ड्राइव्हच्या यादीत रायटरचं नाव आलं, तेव्हा पुतण्यानं फोटो काढला.

कोऱ्या सीडी मिळवणं हे वेगळंच काम. एके काळी पानपट्टीच्या शेजारी मिळायच्या. आता एका झेरॉक्सवाल्याकडे स्पिंडलच्या तळाशी उरलेल्या मिळाल्या. 700 एमबीच्या, वेगात जळणाऱ्या, म्हणजे लिहिल्या जाणाऱ्या. जुना रायटर मात्र सावकाश जाळतो, आणि मी तो सर्वांत कमी वेगावरच ठेवला. घाई कशाला.

बॅकअपच्या आधी बरेच जण मशीनमधलं सॉंग ऑप्टिमाइझ चालवतात. त्यानं वापरात नसलेले टेक पुसले जातात, गाणं आकसतं, सीडी कमी लागतात. मी ते चालवलं नाही. ऑप्टिमाइझ परत फिरवता येत नाही, आणि टाकून दिलेल्या टेकमध्ये काय आहे ते आज कुणाला आठवतंय? शिवाय कुरकुरणाऱ्या डिस्कवर लिहिण्या-पुसण्याचं जादा काम लावणं मला पटत नव्हतं. दोन सीडी जास्त गेल्या तर गेल्या.

डिस्कवरची गाणी अशी उतरली. एकदा एक गाणं वाचताना मशीन बराच वेळ अडलं. पुन्हा चालू करून, डिस्क गार होऊ देऊन, सकाळच्या वेळी घेतलं, तेव्हा निघालं. गरम झाल्यावर तिचं अडकणं वाढतं हे लक्षात आलं होतं, म्हणून पुढं रोज सकाळी थोडं थोडंच काम करायचो.

खरी डोकेदुखी जुन्या सीडींची. डिस्क लहान असल्यामुळे सीझन संपला की त्या सीझनची गाणी सीडीवर उतरवून डिस्क मोकळी करायची, असा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या सगळ्या सीडी एका पत्र्याच्या पेटीत, सांगलीत गावभागातल्या घरी तळमजल्यावर. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, ते सांगलीकरांना सांगायला नको. मशीन माडीवर होतं म्हणून वाचलं. पेटी पाण्यात होती. पाणी उतरल्यावर धुऊन वाळवून ठेवली होती, पण मशीनला लावून बघायचा योग आला नव्हता.

सीडीची एक गंमत बहुतेकांना ठाऊक नसते. आपण जपतो ती खालची चकचकीत बाजू. तिथं तर प्लॅस्टिकचा जाड थर असतो, बारीक ओरखडे त्याला चालतात. माहितीचा थर असतो वरच्या बाजूला, ज्यावर आपण मार्करनं नाव लिहितो तिच्या लगेच खाली, लाखेच्या नुसत्या पापुद्र्याआड. पाण्यानं आणि गाळानं खाल्ली ती नेमकी तीच बाजू. एकेक सीडी मी ट्यूबलाइटसमोर धरून बघितली. चांगल्या सीडीतून अंधूक निळसर उजेड येतो, सगळीकडे सारखा. खराब झालेल्यांत टाचणीनं टोचल्यासारखे पांढरे ठिपके दिसायचे. काहींच्या कडेला चंदेरी पापुद्रा सुटून आलेला, बोट लावलं की बोटाला चिकटणारा. स्टिकर लावलेल्या सीडी सगळ्यात वाईट, स्टिकर फुगला तो खालचा थर घेऊनच. मार्करनं लिहिलेल्या त्यामानानं बऱ्या निघाल्या.

गाळ उरला होता त्या साध्या पाण्याखाली धरल्या आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत पुसल्या. गोल गोल पुसलं की ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं पडतो आणि एका दमात बरीच माहिती जाते. आडवा ओरखडा ड्राइव्हची चूक-दुरुस्ती सांभाळून घेते.

मशीनला एक संच लावला. चार सीडींचा, 2003 च्या नवरात्राचा. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीवर अडकला. आणि संचातली एक अडली की रिकव्हरच थांबतं. चौथी कितीही धडधाकट असो.

इथं पुतण्या कामाला आला. त्यानं सांगितलं की सीडीवर काय लिहिलंय ते कॉम्प्युटरला समजायची गरजच नाही. सेक्टरला सेक्टर अशी हुबेहूब नक्कल उतरवायची, नवी सीडी जाळायची आणि ती मशीनला द्यायची. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सवर चालतो. त्याची रीत मला फार आवडली. वाचता येतं तेवढं आधी उचलून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्या जागांवर मग परत परत जातो. साधी कॉपी पहिल्या ठेचेलाच बसकण मारते. शिवाय नोंद फाइलमध्ये असल्यामुळे तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेल्या जागाच फक्त वाचायला सांगता येतं. आणि ड्राइव्हमध्ये फरक असतोच. माझ्या रायटरला जमलं नाही ते एका मोडक्या डेस्कटॉपमधून काढलेल्या डीव्हीडी ड्राइव्हनं वाचलं. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी अगदी थोडे सेक्टर उरले होते, बाकी सगळं आलं.

नव्या सीडीवर ती नक्कल जाळली, संच पुन्हा लावला, आणि तिसरी सीडी मशीननं मुकाट्यानं घेतली. जे सेक्टर आलेच नाहीत त्यांच्या जागी एका गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधी, ढोलकीच्या ट्रॅकवर क्षणभर फडफड ऐकू येते. तिथं शेजारच्या मात्रेतली थाप उचलून टाकता येईल, काही बिघडत नाही.

मात्र 2005 चा एक संच वाचला नाही. त्यातल्या दुसऱ्या सीडीचा थरच निघून आला होता, पारदर्शक प्लॅस्टिक तेवढं उरलं होतं. हौशी लोकांनी लिहिलेले काही प्रोग्राम आहेत, ते या बॅकअप सीडी कॉम्प्युटरवरच वाचून आर-डॅकमधून वेव्ह काढतात. चांगल्या संचांवर ते कामही करतात, आणि ज्यांच्याकडे मशीनच उरलं नाही त्यांना तेवढाच आधार आहे. पण अर्ध्या संचावर चालवल्यावर हाती आले ते सुटे तुकडे. कोरसचे दोन टेक, बेसचा एक, सनईचा अर्धा. कशाच्या पुढं काय, ते सांगणारं काही नाही.

रिस्टोअर मी त्या कुरकुरणाऱ्या डिस्कवर केलंच नाही, हे सांगायचं राहिलं. ती काढून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. बॅकअपमध्ये काही खोट निघाली तर परत जायला तीच एक जागा. तिच्या जागी आयडीईचं कॉम्पॅक्ट फ्लॅश ॲडॉप्टर आणि 4 जीबीचं कार्ड घातलं. हे मशीन एका पार्टिशनला 2 जीबीच्या वर ओळखत नाही, त्यामुळे त्याचे दोन भाग केले, तेही कॉम्प्युटरवर नव्हे, मशीनच्याच इनिशियलाइझमधून. सगळी कार्डं ते घेतं असं नाही. एक कार्ड त्यानं ओळखलंच नाही, दुसरं लगेच घेतलं. कारण शोधत बसलो नाही. कार्ड बसल्यावर पहिली जाणवली ती शांतता. इतकी वर्षं त्या डिस्कचा आवाज कानात बसला होता की मशीन बंदच आहे असं वाटून मी प्ले दाबायला थबकलो.

मग कार्डावर एकेक संच रिकव्हर करायचा, आणि तिथून वेव्ह काढायच्या. मशीनला डिजिटल आउट आहे, कोअ‍ॅक्सियल आणि ऑप्टिकल दोन्ही. एका आउटमधून दोनच चॅनल जातात, म्हणून एका वेळी दोन ट्रॅक. पहिला ट्रॅक पॅन पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, बाकीचे म्यूट. सोळा ट्रॅकला आठ फेऱ्या. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे नुसतं वाजवायलाच चाळीस मिनिटं, आणि त्याला पळवाट नाही. पुतण्या वैतागून म्हणाला, "काका, हे सगळं कॉपी-पेस्ट का हुईना?" त्याला म्हटलं, चहा टाक, गाणं ऐक. अशी एकेक ओळ सुटी ऐकायला मिळत नाही एरवी.

या कामात बारकावे आहेत. कॉम्प्युटरला आवाज पुरवणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचं क्लॉक एक्स्टर्नलवर हवं, म्हणजे मशीनकडून येणाऱ्या डिजिटल सिग्नलवर (एस/पीडीआयएफवर). दोघांनी आपापलं घड्याळ चालवलं की मध्येमध्ये टिक टिक ऐकू येते, आणि ती आवाज चालू असताना लक्षात येत नाही, शांत जागेत येते. केबल 75 ओहमची घ्यावी. जुन्या टीव्हीची पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल मला छान चालली. फेडर आणि मास्टर शून्य डीबीवर, ईक्यू बंद, इफेक्टचे सेंड बंद, ऑटोमिक्स बंद. ऑटोमिक्स चालू राहिलं तर तुम्ही लावलेला फेडर गाण्याच्या मध्यावर आपला आपण खाली येतो.

आणि व्हारी पिच! हे आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांचं खास लफडं. गायकाचा गळा बसला की आयत्या वेळी काळी एकचं गाणं पांढरी एकवर आणायचो, तेही मशीनचा वेगच कमी करून. लयही किंचित उतरते, पण जत्रेत कोण मोजतंय. ती सेटिंग गाण्यासोबत स्टोअर झालेली असते. व्हारी पिच चालू असलं की मशीनचं सॅंपलिंगच 44.1 वरून खाली येतं, डिजिटल आउटचं घड्याळही त्याबरोबर, आणि इंटरफेस ते धरू शकत नाही. एका गाण्याला इंटरफेसचा दिवा सारखा लुकलुकत होता. आधी केबल बदलली, मग दुसरं इनपुट लावून पाहिलं. शेवटी गाणं कानाला उतरल्यासारखं वाटलं तेव्हा उलगडा झाला.

आठ फेऱ्यांतून आलेल्या वेव्ह एकमेकींच्या खाली नेमक्या कशा बसवायच्या? घड्याळ एकच असल्यामुळे पुढं मागं सरकण्याची भीती नाही, फक्त सुरुवात जुळवायची. त्यासाठी कार्डावरच्या प्रतीत गाण्याच्या आधी ट्रॅक इन्सर्टनं सगळ्या ट्रॅकना सारखीच रिकामी जागा दिली, त्यात एका ट्रॅकवर स्टिकची एक टकटक घेतली आणि ट्रॅक कॉपीनं ती सोळाही ट्रॅकवर त्याच वेळेला चिकटवली. कॉम्प्युटरवर झूम करून सगळ्या टकटकी एका रेषेत आणल्या की गाणं आपोआप जुळतं. न निवडलेल्या व्हर्च्युअल ट्रॅकची फेरी वेगळी करावी लागते. तिथंही हीच युक्ती.

आता रिस्टोअर झालेलं आणि मूळ, हे खरंच एक आहे का, हे कानानं ठरवायचं नाही असं मी ठरवलं होतं. डिस्क काढण्यापूर्वीच एका गाण्याचे दोन ट्रॅक थेट तिच्यावरून घेऊन ठेवले होते, ढोलकी आणि स्ट्रिंग. कार्डावरून तेच ट्रॅक पुन्हा घेतले. दोन्ही ढोलक्या एकाखाली एक लावल्या, पहिल्या थापेवर सॅंपलला सॅंपल जुळवलं, एकीचा फेज उलटा केला, म्हणजे तिची लाट उपडी केली, आणि दोन्ही एकत्र वाजवल्या. मीटर हललाच नाही. दोन्ही तंतोतंत सारख्या असल्याशिवाय असं होत नाही. स्ट्रिंगचं मात्र तसं झालं नाही. एक पातळ, लाटेसारखी वर-खाली होणारी सळसळ उरली. आर-डॅक दगा देतंय की काय अशी शंका आली. पण सळसळीत लय होती, आणि ती कोरसची होती. त्या गाण्यात स्ट्रिंग इफेक्ट बोर्डाच्या कोरसमधून जात होती. कोरसचा झोका प्ले दाबल्यावर दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरू होतो, म्हणून दोन फेऱ्या कधीच एकमेकींना पुरत्या मारत नाहीत. मूळ डिस्क पुन्हा मशीनमध्ये घालून, इफेक्ट काढून तो ट्रॅक घेतला. कार्डावरूनही तसाच घेतला. तिथंही मीटर जागचा हलला नाही.

24 बिटच्या सोळा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं साधारण 635 एमबी होतं, म्हणजे जवळजवळ एक सीडी. 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी शंभरेक गाणी बसतात. पण पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचं साधन. ठेवायला मी दोन हार्डडिस्क घेतल्या आहेत. एक माझ्याकडे माडीवर, दुसरी मिरजेला बहिणीकडे. पूर एकाच वेळी दोन्हीकडे एकाच उंचीवर यायचा नाही. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल आहे. गाण्याची पट्टी, लय, कुठल्या ट्रॅकवर काय, कुठला टेक स्टेजवर वापरायचा, व्हारी पिच किती होतं. फेडर कुठं होते त्याचे मोबाइलवर काढलेले फोटोही. मिक्सरची मांडणी वेव्हमध्ये येत नाही, तिची भरपाई या फोटोंवर.

फाइलांना नावं देताना पुतण्याशी जुंपली. त्याला 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02' हवं होतं, मला 'ढोलकी', 'हलगी', 'बेस'. शेवटी दोन्ही ठेवलं. आधी आकडा, मग वाद्य. आकड्यामुळे क्रम राहतो आणि वाद्यामुळे दहा वर्षांनी उघडणाऱ्याला कळतं.

स्टेजवर मात्र अजून सोळाशेऐंशीच आहे, कार्ड घातलेलं. संचालकांना लॅपटॉप नको. मागं एका कार्यक्रमात दुसऱ्या पार्टीच्या लॅपटॉपनं ऐन गवळणीत अपडेट सुरू केलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. लॅपटॉप शेजारी उभा असतो, तीच गाणी घेऊन, दुसऱ्या मिक्सर चॅनलवर. 2005 च्या गेलेल्या संचातली गाणी पुन्हा वाजवून घ्यायची आहेत. सनईचा अर्धा टेक आहे, तो चांगला आहे, त्याच्या पुढून धरता येईल. ढोलकीवाला म्हणतो दिवाळीनंतर बघू, आत्ता त्याच्या तारखा भरल्या आहेत.